ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचा कोर्स कसा निवडावा

रबाळ्याच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी प्रशिक्षणाचं काम बघत होतो, तेव्हाची गोष्ट. आवारात पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं डिझेल पेटवलं होतं आणि पॅकिंगमधल्या एका जुन्या कामगाराला सांगितलं, "विझवून दाखवा." त्याच्या नावावर आग विझवण्याच्या प्रशिक्षणाचे तीन वर्ग झाल्याची नोंद होती, तिन्ही प्रमाणपत्रं फाइलला लावलेली. त्याने आग विझवायचा सिलिंडर उचलला, त्याची दाबायची मूठ घट्ट आवळली आणि पिन ओढायला लागला. पिन हलेना. त्याने आणखी जोर लावला, तशी मूठही आणखी आवळली गेली. मूठ दाबलेली असली की पिन जागच्या जागी अडकते, हात सैल सोडला की सहज निघते. तीन वर्ग झाले, पण एकदाही कोणी त्याच्या हातात सिलिंडर दिला नव्हता. घामाघूम होऊन तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मला त्याच्यापेक्षा जास्त लाज वाटली, कारण ते तिन्ही वर्ग मीच ठरवले होते.

तेव्हापासून कोर्सचं पत्रक हातात आलं की मी एकच गोष्ट आधी शोधतो: कोर्स करून आलेला माणूस हाताने काय करू शकेल? महापे, तुर्भे, पवणे, वागळे इस्टेट, तळोजा, भिवंडीची गोदामं, कुठेही वीस ते तीनशे माणसांचं युनिट चालवत असाल किंवा त्याचं एचआर सांभाळत असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आधी शॉप फ्लोअरवर दोन फेऱ्या मारा

कोर्स शोधायला बसण्याआधी वही घेऊन फिरा. एक फेरी दिवसपाळीत आणि एक रात्रपाळीत. रात्रीची टाळू नका. दिवसा फोर्कलिफ्टला नेमलेला ऑपरेटर असतो. रात्री किल्ली ज्याच्या हाताला लागेल तो चालवतो. हे कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं.

सोबत गेल्या दोन वर्षांची तीन रजिस्टरं काढा: अपघाताचं, प्रथमोपचाराचं आणि मेंटेनन्सचं. खरी माहिती प्रथमोपचाराच्या रजिस्टरमध्ये सापडते. एकाच मशीनवरची बोटं वारंवार कापली गेलेली दिसतील, एकाच विभागात डोळ्यात कण गेल्याच्या नोंदी दिसतील. मग त्या मशीनवरच्या जुन्या माणसाला चहाच्या वेळी विचारा, "इथं नवीन पोराला ठेवायचं तर तुम्हाला भीती कशाची वाटेल?" हा प्रश्न मी असंख्य वेळा विचारलाय आणि तो कधी वाया गेलेला नाही.

वहीत चार रकाने पुरतात: काम काय, ते करतो कोण, त्यात काय होऊ शकतं, आणि आज तो ते कसं करतो. पवण्याच्या रासायनिक युनिटमध्ये या वहीत ड्रममधून सॉल्व्हंट ओतणं, ड्रमला अर्थिंगची (स्थिर वीज जमिनीत सोडणारी) क्लिप न लावणं, रिॲक्टरचं मॅनहोल उघडणं येईल. वागळे इस्टेटमधल्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात ग्राइंडिंग व्हील, गॅस कटिंगचे होज आणि उघड्या वायरी येतील. भिवंडीच्या गोदामात फोर्कलिफ्ट, उंच रॅक आणि मागे येणारे ट्रक. महाप्याच्या आयटी कार्यालयात इमारत रिकामी करणं, प्रथमोपचार, आणि दहा-दहा तास खुर्चीत बसून दुखणारी पाठ.

यादी झाली की प्रत्येक ओळीपुढे विचारा: हे प्रशिक्षणाने सुटणार आहे का? पॉवर प्रेसला गार्डच नसेल तर ऑपरेटरला शंभर कोर्स देऊनही बोट जाईल. तिथे गार्ड बसवा. धूर कोंडत असेल तर एक्झॉस्ट लावा. यंत्रातली उणीव माणसाच्या सावधपणावर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं. अशा ओळी खोडल्या की जी यादी उरते, ती प्रशिक्षणाची.

कायदा काय मागतो ते बघून घ्या

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये धोक्याची माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणं ही कारखानदाराची जबाबदारी होती, आणि कामगाराला ते मागण्याचा हक्कही होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि तिने या अधिनियमाची जागा घेतली. ही जबाबदारी संहितेतही कायम आहे. म्हणून एखादी संस्था अजूनही फक्त जुनी कलमं छापलेलं पत्रक घेऊन आली, तर नवीन संहितेनुसार काय बदललं ते तिला समोर बसवून विचारा. सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो का, सुरक्षा समिती लागते का, हे तुमच्या कामगारसंख्येवर आणि प्रक्रिया धोकादायक आहे की नाही यावर ठरतं. त्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात जाऊन लेखी खात्री करून घ्या.

एक गैरसमज मात्र फार दिसतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात, जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा द्यावं लागतं. ते भरलं की आगीचं प्रशिक्षण झालं असं अनेकांना वाटतं. ते यंत्रणेचं प्रमाणपत्र आहे. यंत्रणा वापरणाऱ्या माणसाबद्दल त्यात काही नाही.

कोणाला किती शिकवायचं

सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून एकच कोर्स दिला की पैसे वाया गेले म्हणून समजा. थर वेगळे करा.

हेल्पर आणि ठेकेदाराची माणसं: यांना पहिल्याच दिवशी, काम सुरू होण्याआधी, दोन-तीन तास. कुठे जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, भोंगा वाजला तर कुठल्या दाराने बाहेर पडून कुठे जमायचं, आणि "मला हे काम जमणार नाही" असं कोणाला सांगायचं. मी पाहिलेल्या मोठ्या इजांमध्ये ठेक्यावरचीच माणसं जास्त होती, आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचीच नावं सगळ्यात शेवटी असायची. हा क्रम उलटा करा.

ऑपरेटर, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन: यांना त्यांच्या कामाचा नेमका कोर्स. उंचीवरचं काम, गरम काम (वेल्डिंग, गॅस कटिंग), बंदिस्त जागा (टाकी, मॅनहोल), मशीन बंद करून कुलूप-टॅग लावणं, फोर्कलिफ्ट, रसायनं हाताळणं. सुपरवायझरला यातलं सगळं यायला हवंच, शिवाय वर्क परमिट (धोक्याचं काम सुरू करण्याआधीची लेखी परवानगी) भरणं आणि काम थांबवणं. परमिट केबिनमध्ये बसून सही करायचा कागद नाही, जागेवर जाऊन बघायची गोष्ट आहे, हे ज्या कोर्समध्ये प्रत्यक्ष जागेवर नेऊन शिकवतात तो घ्या.

आता मोठ्या नावांच्या कोर्सबद्दल. नेबॉश आणि आयओएसएच हे ब्रिटिश संस्थांचे कोर्स, ओशा ३० तास हा अमेरिकी कायद्यावर बेतलेला, आणि आयएसओ ४५००१ या सुरक्षा व्यवस्थापनाच्या मानकाचा लीड ऑडिटर कोर्स व्यवस्थापन पद्धतीचं ऑडिट करायला शिकवतो. चांगले आहेत. निर्यात करणाऱ्या किंवा परदेशी ग्राहकांचे ऑडिट येणाऱ्या कंपनीला, तसंच सुरक्षा क्षेत्रातच पुढे जायचं आहे अशा तरुणाला जरूर उपयोगी. पण साठ माणसांच्या गाळ्यात एका सुपरवायझरला तिथे पाठवायचं आणि बाकीच्या एकोणसाठांना काहीच नाही, असं बजेट मला पटत नाही. शिवाय आपल्याकडे सेफ्टी ऑफिसर म्हणून नेमणुकीला औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका लागते. ओशा ३० तासांचं कार्ड तिची जागा घेत नाही. हे न कळल्याने पैसे घालवून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

बंदिस्त जागेचा कोर्स: इथे घासाघीस करू नका

याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे एकाच्या मागे दुसरा जातो. ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा) संप, रसायनाची टाकी, सेप्टिक टँक, गटाराचं मॅनहोल. एक जण खाली उतरतो, पडतो. वरचा त्याला वाचवायला उडी घेतो, तोही पडतो. मग तिसरा. उडी घेणारा अनेकदा पहिल्याचा भाऊ किंवा गाववाला असतो, म्हणून तो थांबत नाही. त्याला थांबवणं हेच या कोर्सचं निम्मं काम आहे.

सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड. हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. प्रमाण वाढलं, साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. "आता वास येत नाही, म्हणजे गॅस गेला" असं म्हणून उतरलेला माणूस सगळ्यात मोठ्या धोक्यात असतो. तुम्ही निवडलेल्या कोर्समध्ये ही गोष्ट सांगितली जाते का, ते आधी विचारा.

मग हे बघा. गॅस डिटेक्टर प्रत्येकाच्या हातात येणार का? मोजायचा क्रम आधी ऑक्सिजन, मग पेट घेणारा वायू, मग विषारी वायू. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली आत जायचं नाही. पेट घेणाऱ्या वायूचं प्रमाण स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांवर गेलं तर नाही, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमवर गेला तर नाही. आणि मोजणी वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी. डिटेक्टर चालतोय की नाही हे वापरण्याआधी नमुन्याचा गॅस देऊन तपासायचं असतं, त्याला बम्प टेस्ट म्हणतात. एका कारखान्यात डिटेक्टर कपाटात अगदी खोक्यासकट सापडला, बॅटरी संपलेली. कोर्स मात्र दर वर्षी होत होता.

ट्रायपॉड (तिपाई) आणि विंच (दोर ओढायची चरखी) लावून, हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) घातलेला पुतळा किंवा वजनाची गोणी टाकीतून वर खेचून दाखवा, असं प्रशिक्षकाला सांगा. मग तुमच्या माणसांकडून करून घ्या. वर उभ्या असलेल्या माणसाचं काम तीनदा म्हणवून घ्या: मी आत जाणार नाही, मी हाक मारीन, मी वर खेचीन. जो प्रशिक्षक "आमच्याकडे ट्रायपॉड नाही, पण व्हिडिओ छान आहे" म्हणतो, त्याला नमस्कार करून निरोप द्या.

तितकाच गंभीर दुसरा विषय म्हणजे आपल्याकडची छपरं. दर वर्षी मे महिन्यात गळती काढायला माणसं सिमेंटच्या पत्र्यांवर चढतात. पत्रा जुना, ठिसूळ. मधला पारदर्शक फायबरचा पत्रा तर धुळीने माखून बाकीच्यांसारखाच दिसतो. पाय पडला की माणूस थेट खाली मशीनवर. उंचीवरच्या कामाचा कोर्स घेताना छपरावरचं काम त्यात आहे का, पत्र्यावर टाकायच्या फळ्या वापरायला शिकवतात का, हार्नेसचा हूक कशाला अडकवायचा आणि कशाला नाही हे दाखवतात का, ते विचारा. केबलच्या कंड्युइट पाइपला हूक लावून निर्धास्त काम करणारा माणूस तुमच्याही कारखान्यात असेल.

आपल्या आसपास कुठे शोधायचं

या बाबतीत आपण नशीबवान आहोत. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली, म्हणूनच ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. तिचं मुख्यालय आपल्या सीबीडी बेलापूरला, सेक्टर १५ मध्ये आहे. सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे. सेफ्टी ऑफिसर, सुपरवायझर आणि कारखान्याचे डॉक्टर यांच्यासाठी तिथे अभ्यासक्रम चालतात. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय सांताक्रूझला कालिना भागात आहे. प्रथमोपचारासाठी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस.

खाजगी प्रशिक्षक भरपूर आहेत आणि त्यात उत्तम माणसंही आहेत. नाव औद्योगिक संघटनेत विचारा. वागळे इस्टेटला लघुउद्योजकांची संघटना टिसा आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योगांची स्वतंत्र संघटना आहे. लहान गाळेवाल्यांनी तर एकत्र यावंच. आम्ही एका गल्लीतल्या पाच युनिट्सनी मिळून एक प्रशिक्षक आणला होता; प्रत्येकाची सहा-सहा माणसं, खर्च वाटून. त्याचा न ठरवलेला फायदा असा झाला की शेजारच्या कारखान्यात कुठलं रसायन आहे हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी आजूबाजूच्या कारखान्यांचं आणि घरांचंही नुकसान केलं. शेजाऱ्याचा धोका आपल्या कुंपणाशी थांबत नाही, त्यामुळे बाहेर पडण्याची मॉक ड्रिल गल्लीने मिळून केली तर ती खरी होते.

भाजल्यावरचा प्रथमोपचार शिकवणाऱ्याला एक गोष्ट जरूर विचारा: काय लावायचं? "काही लावायचं नाही, वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं" हे उत्तर आलं तर तो माणूस योग्य. टूथपेस्ट, हळद, शाई अजूनही लावली जाते. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, हे तुमच्या प्रत्येक सुपरवायझरला माहीत असावं. रुग्णवाहिकेचा १०८ आणि अग्निशमनाचा १०१ फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहा.

प्रशिक्षकाला काय विचारायचं

कोटेशन देण्याआधी तो तुमचा शॉप फ्लोअर बघायला येतो का? मला हा एकच प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो. एकदा एक प्रशिक्षक आले, चहाही न घेता आधी दीड तास फिरले, ड्रम यार्डात थांबून अर्थिंगच्या क्लिपचे दात हाताने तपासले आणि म्हणाले, "रंगावर लावलीय, अर्थिंग होतच नाहीये." क्लिप रंग खरवडून उघड्या धातूवर लावायची असते. पुढचा सगळा वर्ग त्यांनी त्याच ड्रमभोवती घेतला. कोणाला झोप आली नाही.

भाषा विचारा. आपल्या पट्ट्यात कोकणातला, घाटावरचा, उत्तर प्रदेशचा, बिहारचा, ओडिशाचा माणूस एकाच मशीनच्या दोन बाजूंना असतो. स्लाइड इंग्रजीत आणि बोलणं पुस्तकी मराठीत असेल तर निम्म्यांना काही पोचत नाही. "ज्वलनशील" ऐकून मान डोलावणारा माणूस "हे पेट घेतं, ठिणगी नको" म्हटलं की डबा लांब ठेवतो. सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेच्या नियमांतही कामगारांची भाषा येण्याची अट आहे. प्रशिक्षकाकडून तीच अपेक्षा धरण्यात काही चूक नाही.

एका तुकडीत किती जण? हाताने करायच्या विषयाला पंधरा-वीसपेक्षा जास्त नको. पन्नास म्हणाला तर ते भाषण आहे. एकूण वेळेतला किती वेळ हातात वस्तू असेल? निम्म्याहून कमी असेल तर मी घेत नाही. परीक्षेत कोणी नापास होतं का? "सगळेच पास होतात" हे उत्तर मला काळजीत टाकतं. दुसरीकडे चालू असलेल्या त्याच्या वर्गात तासभर मागे बसू देईल का, हेही विचारा.

ऑनलाइन कोर्सला माझा सरसकट विरोध नाही. कायद्याची ओळख, खुर्चीत नीट बसणं, रसायनाचं माहितीपत्रक वाचणं ऑनलाइन चालतं. सिलिंडर, हार्नेस, डिटेक्टर, सीपीआर अजिबात नाही.

पैशाचं लेखी ठरवा: कोण शिकवणार त्याचं नाव, आयत्या वेळी माणूस बदलला तर काय, साहित्य कोणाचं. सरावासाठी वेगळे सिलिंडर विकत घ्यायची गरज नसते. रिफिलिंगची तारीख जवळ आलेले सिलिंडर बाजूला काढा आणि कोर्स त्याच आठवड्यात ठेवा. सहा किलोच्या पावडर सिलिंडरचा मारा जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो. म्हणून सिलिंडर इतके काढा की प्रत्येकाला एकदा तरी पिन काढता येईल.

तारीख ठरवताना

रात्रपाळी सुटलेल्या माणसाला सकाळी आठला वर्गात बसवू नका. त्याला कळत नाही आणि घरी जाताना बाइकवर डोळा लागतो. वर्ग कामाच्या वेळेत घ्या. सुट्टीच्या दिवशी बोलावलंत तर ओव्हरटाइम द्या. ठेकेदाराच्या माणसाची त्या दिवसाची हजेरी कापली जाणार नाही हे ठेकेदाराच्या ऑर्डरमध्येच लिहा, नाहीतर तो माणूस पाठवणारच नाही.

उंचीवरचं काम आणि विजेची सुरक्षा एप्रिलमध्ये, छपरावर माणसं चढण्याआधी. मोठ्या शटडाऊनच्या आधीच्या आठवड्यात परमिट आणि बंदिस्त जागा. गणपतीत कोकणातली माणसं गावी जातात, छठ आणि होळीला उत्तरेकडची. त्या पंधरा दिवसांत मशीनवर तात्पुरती नवीन माणसं उभी राहतात आणि जुनं कोणी सांगायला नसतं. इंडक्शनचा (नवीन माणसाला पहिल्या दिवशी द्यायचा) एक जादा वर्ग त्या तारखांना आधीपासून कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

कोर्स झाल्यावर

फोटो आणि हजेरीपत्रक ऑडिटरसाठी ठीक. तुमच्यासाठी तपासणी वेगळी. आठवड्याने आणि मग तीन महिन्यांनी, न सांगता, त्या माणसाच्या जागेवर जा आणि म्हणा, "दाखवा." हार्नेस घालून दाखवा, मशीनला कुलूप लावून दाखवा, इथं आग लागली तर कुठून बाहेर पडाल ते चालून दाखवा. अडला तर रागवू नका, तिथेच पुन्हा शिकवा आणि कशात अडला ते लिहून ठेवा. पुढच्या कोर्सचा मजकूर तोच. नियर मिसच्या (थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या) नोंदी कोर्सनंतर वाढल्या तर घाबरू नका, माणसं सांगायला लागली असा त्याचा अर्थ आहे. आणि कोणी परमिट नाही म्हणून काम थांबवलं, तर त्या दिवशी प्रॉडक्शन कितीही मागे असो, सुपरवायझरने सगळ्यांसमोर त्याच्या बाजूने उभं राहायला हवं. तिथे एकदा माघार घेतली की कोर्सचं सगळं पाण्यात.

प्रमाणपत्राची एक प्रत कामगाराच्या हातात द्या, ठेक्यावरच्या माणसाला तर नक्कीच. तो आज तुमच्याकडे, उद्या तळोज्याला, परवा अंबरनाथला असतो, आणि फाइल मात्र तुमच्याच कपाटात राहते. कागद हरवेल म्हणून त्याच्याच फोनवर त्याचा फोटो काढून द्या, आणि त्यावर कोर्सचं नाव, तारीख आणि पुन्हा कधी करायचा तो महिना स्पष्ट दिसतोय ना, ते झूम करून बघा.